डीजे म्हणून एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना बीट जुळतात, तरी मिक्स विस्कटल्यासारखा का वाटतो?

कारण तुम्ही ठोके जुळवताय, गाण्याचे टप्पे नाही. हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार घ्या. 4 ठोक्यांचा एक बार, आणि बहुतेक बदल 8 बारांनी, म्हणजे 32 ठोक्यांनी होतात. 128 बीपीएमला (मिनिटाला 128 ठोके) हे बरोबर 15 सेकंद. क्लॅप (टाळीचा आवाज) सुरू होतो, बास गळतो, क्रॅश (मोठी झांज) वाजतो, तिथे नवा टप्पा. नेमक्या त्याच ठोक्यावर दुसरं गाणं सुरू करा. जुन्याचा आउट्रो (शेवटचा भाग) आणि नव्याचा इंट्रो (सुरुवातीचा भाग) नीट एकमेकांवर बसतात. दोन्हींचा बास एकदम चालू ठेवू नका, गायकावर गायक तर नकोच. मोजायची सवय बसमध्येही लागते, डेक (डीजेचं गाणी वाजवायचं यंत्र) लागत नाही.

जुनी हिंदी गाणी मात्र छळतात. वादक प्रत्यक्ष वाजवत असल्याने लय किंचित हलते, आणि मुखड्याआधी नुसता ताल क्वचितच मिळतो. मिळालाच तर मी तेवढ्याचा लूप लावतो, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो.