गोठ्याचं सांगायला लाजू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला. फ्रान्समधल्या शाळेत भाषा-असिस्टंटचं तुझं पोस्टिंग कांताल या डोंगराळ जिल्ह्यात लागलं, खोली सालेर्स गावाजवळच्या खेड्यात, आणि तू रडवेली, की पॅरिस नाही तर निदान लिओं तरी द्यायचं होतं. एक दिवस रडून घे.

मी गेले तेव्हा माझंही तोंड असंच उतरलेलं. सालेर्स म्हणजे साडेनऊशे मीटरवरचं गाव, काळ्या दगडाची घरं, आणि तो दगड बघून मला आधी आपला सह्याद्रीच आठवला, कारण कांताल म्हणजे अख्खा एक थकलेला ज्वालामुखीच. चौकात पुतळा आहे तो कुठल्या सेनापतीचा नाही, तिसांदिए देस्कू नावाच्या माणसाचा, एकोणिसाव्या शतकात त्याने तिथल्या गाईची जात सुधारली म्हणून! यावरून काय ते समज.

ती गाय, तिचंही नाव सालेर्सच, तांबडी, लांब केसांची, मोठ्या शिंगांची. वासरू लावल्याशिवाय पान्हाच सोडत नाही. आधी वासराला दोन घोट पाजायचं, मग ते आईच्या पुढच्या पायाशी बांधायचं, पाठीवर मीठ टाकायचं म्हणजे ती चाटत उभी राहते, आणि मग धार काढायची. मी शहरातली, मला हे सगळं नवीन, पण तू तर लहानपणापासून वासरू सोडतेयस. पुण्यात फ्रेंचच्या वर्गात तू गोठ्याचं कधी बोलली नाहीस, मला माहितीये का ते. तिथे बोल. फ्रेंचच्या बी-टू पातळीच्या सर्टिफिकेटपेक्षा ते जास्त कामाला येईल.

आणि लवकर बोल, ऑक्टोबरातच, कारण सालेर्स चीज 15 एप्रिल ते 15 नोव्हेंबर एवढंच बनतं, गाई चरायला बाहेर असतात तेव्हाच. दूध लाकडी पिंपात जातं, त्याला जेर्ल म्हणतात. (गंमत म्हणजे सगळं सालेर्स चीज त्याच गाईच्या दुधाचं नसतं, ते हवं तर 'त्रादिस्यों सालेर्स' लिहिलेलं बघ.)

बाकी बारीकसारीक. दुकानात शिरल्या शिरल्या आधी बोंजूर, मग काय हवं ते, उलटं केलंस तर पाववाली बाई दिवसभर तुझ्याशी तुटक बोलेल. 12 ते 2 सगळं बंद. त्रुफाद म्हणजे बटाटा आणि ताजं चीज, मस्त लागतं, पण सोबत हॅम येतंच, नको असेल तर ऑर्डर देतानाच सांग, आणि सूपमध्येही डुकराचे तुकडे असतात हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आठवड्याला 12 तासच शिकवायचंय, बाकी वेळ रिकामा, आणि बस जवळपास नाहीच, जवळचं मोठं शहर ओरियाक चाळीसेक किलोमीटर, तेव्हा गाडी असलेल्या सहशिक्षिकेशी पहिल्या आठवड्यातच ओळख काढ. हिवाळ्यात प्वी मारी डोंगराकडचा घाटरस्ता बर्फाने बंदच होतो.

शिकारीचा सीझन चालू असेल, रानात फिरायला जाताना भडक रंगाचं जॅकेट घाल. तुझं ते चॉकलेटी स्वेटर घरीच ठेव.

ताई