बॉयलर पेटतो, पण घर तापत नाही

ब्रिटनमध्ये थंडी पडू लागली की तिथल्या मराठी घरांतून हीटिंगविषयीचे प्रश्न येऊ लागतात. त्यातले बरेचसे बॉयलरच्या आगीशी नव्हे, तर त्यात तापून रेडिएटरांतून फिरणाऱ्या पाण्याशी निगडित असतात. उत्तरांत तुम्हाला करायला सांगितलेलं सगळं बॉयलरच्या बाहेरून करायचं आहे. त्याचं स्क्रूने बसवलेलं झाकण काढू नका. अनेक बॉयलरमध्ये तेच झाकण जळालेला वायू आत रोखून धरतं, आणि ते उघडायचं काम गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत नोंदवही) नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाचंच आहे.

प्रश्न : कॉम्बी (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणाऱ्या) बॉयलरचं पाण्याचं प्रेशर दर चार-पाच दिवसांनी शून्यावर येतं. फिलिंग लूपने (नळाच्या लाइनमधून पाणी भरायच्या जोडनळीने) पाणी भरलं की सुरू होतो. असंच चालू ठेवलं तर चालेल?

नाही. दर वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, पोलादी रेडिएटर आतून गंजतात आणि त्याचा काळा गाळ तयार होतो. हा गाळ लोहचुंबकाला चिकटणारा असतो. पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र असल्यामुळे तो नेमका तिथेच साठतो. म्हणजे आजची गळती हा उद्याचा बिघडलेला पंप आहे.

आधी बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघा. यंत्रणा गार असताना तो १ ते १.५ बारवर (बार हे दाबाचं एकक) हवा, तापल्यावर २ च्या आसपास. तापताना काटा ३ कडे धावत असेल आणि गार झाल्यावर तळाला जात असेल, तर दोष बहुधा एक्सपान्शन व्हेसलचा. तापलेलं पाणी फुगतं, आणि त्याला जागा देण्यासाठी या डब्यात रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते. हवा गेली की जागा उरत नाही आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर टाकतो. खात्री करायला, या व्हॉल्व्हच्या, भिंतीबाहेर आलेल्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला रात्रभर प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवा. सकाळी पिशवीत पाणी दिसलं तर उत्तर मिळालं. तंत्रज्ञ यंत्रणेतलं प्रेशर उतरवून व्हेसलमध्ये साधारण ०.७५ ते १ बार हवा भरतो. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर पडदा फाटला आहे, व्हेसल बदला. एकदा उघडलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकून तो ठिबकत राहतो, म्हणून तोही तपासून घ्या.

काटा असा वरखाली न होता नुसता हळूहळू उतरत असेल, तर गळती बहुधा पाइपात किंवा रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी आहे. प्रत्येक व्हॉल्व्हच्या मानेभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा. ओला होईल तिथे गळती.

तोवर पाणी भरायचंच असेल तर बॉयलर बंद आणि गार असताना भरा. १.२ बारला थांबा, दोन्ही चाव्या बंद करा आणि जोडनळी काढून ठेवा.

प्रश्न : उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच हीटिंग लावलं. बॉयलर पेटतो आणि लगेच विझतो. त्यातून निघणारा पाइप कढत, रेडिएटर गार. कपाटातला पंप नुसता घूं घूं करतो.

पंपाचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, अडकला आहे. हे पंप पाण्यातच फिरतात, पाणी हेच त्यांचं वंगण. महिनोन्‌महिने उभे राहिले की गाळ बेअरिंगला धरून बसतो.

फ्यूज्ड स्पर (हीटिंगचा, फ्यूज असलेला भिंतीवरचा स्विच) बंद करा, त्यातला ३ अँपियरचा फ्यूज काढून खिशात ठेवा आणि पंप गार होऊ द्या. खाली वाटी आणि फडका धरा. जुन्या पंपाच्या तोंडावर मधोमध मोठा स्क्रू असतो, तो सावकाश सोडा. थोडं पाणी ठिबकणारच. धारच लागली तर परत आवळा. आत दांड्याच्या टोकाला खाच दिसेल. त्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून दोन्ही बाजूंना थोडं थोडं फिरवा, दांडा मोकळा फिरू लागला की स्क्रू बसवून वीज सुरू करा. नव्या, इलेक्ट्रॉनिक पंपांवर हा स्क्रू नसू शकतो. त्यांना पान्याने ठोकू नका.

दांडा मोकळा असूनही नुसती घूं घूं येत असेल, तर जुन्या पंपात बहुधा कपॅसिटर (मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा भाग) गेलेला असतो. आवाजच नसेल, तर पंप बदलण्याची घाई अजिबात नको. त्याला वीज पोहोचते का ते आधी तपासून घ्या. बऱ्याच घरांत मोटराइज्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरकडे जाणारं पाणी सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) उघडल्यावरच पंपाला वीज मिळते. हीटिंग चालू असताना त्याची दांडी सैल हलली तर व्हॉल्व्ह उघडा आहे. ती हलवताना ताण लागला तर तो उघडलेलाच नाही, आणि पंपावर उगाच पैसे जातील.

नवा पंप बसवताना दांडा आडवाच हवा. उभा राहिला तर बेअरिंगमध्ये हवा साठते. पुढच्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हीटिंग पाच-दहा मिनिटं चालवा. बॉयलरमधला पंप असेल तर स्पर चालूच ठेवा; बरेच बॉयलर पंपाला रोज थोडा वेळ आपणहून फिरवतात.

प्रश्न : हीटिंग बंद आहे, तरी गरम पाण्याचा नळ सोडला की रेडिएटर तापतात.

कॉम्बीतला डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता नळाच्या पाण्याला द्यायची की रेडिएटरला हे ठरवणारा) बहुधा मध्येच अडकला आहे. नळाचं पाणीही कोमट येत असणार. तंत्रज्ञाचं काम.

प्रश्न : विद्यार्थी आहोत, भाड्याच्या घरात राहतो. कडाक्याच्या थंडीत पहाटे बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडला.

बाहेर जाणारी कंडेन्सेटची (बॉयलरच्या धुरातून साठलेल्या पाण्याची) प्लास्टिक नळी गोठली असावी. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको, नळी तडकते. मग रीसेट दाबा. २१.५ मिमीची बारीक नळी बाहेर असेल तर घरमालकाला ती जाड करून वेष्टण घालायला सांगा. बॉयलर दुरुस्त ठेवणं आणि दरवर्षी गॅस तपासणी करणं ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे. गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर खिडक्या उघडून बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा.

प्रश्न : एक रेडिएटर अर्धाच तापतो.

वरून गार असेल तर हवा: हीटिंग बंद करून किल्लीने हवा सोडा, मग प्रेशर बघा. खालून गार असेल तर गाळ: रेडिएटर उतरवून बाहेर नळीने धुवावा लागतो. त्यानंतर इन्हिबिटर (गंज रोखणारं रसायन) घालायला विसरू नका. बाटलीवर किती लिटरला पुरते ते लिहिलेलं असतं. परतीच्या पाइपावर चुंबकीय फिल्टर बसवून घ्या आणि वार्षिक सर्व्हिसच्या वेळी तो उघडून साफ केला जातोय ना, हे समोर उभं राहून बघा.