लस ‘लागली’ का?

प्रश्न : फ्लूची लस घेतल्यावर महिन्याने रक्त तपासलं. अहवालात ‘एचआय टायटर १:४०’ आहे. आता फ्लू होणार नाही ना?

उत्तर : तशी हमी नाही. सीरम (रक्तातला पेशींविना उरलेला द्रव) किती पट पातळ केलं तरी त्यातली प्रतिपिंडं फ्लूच्या विषाणूला तांबड्या पेशींची जाळी करू देत नाहीत, तो आकडा म्हणजे एचआय टायटर. १:४० ला धोका साधारण निम्मा होतो, असं मानतात. शिवाय लसीआधीचा आकडा कुठाय? तो १:१० असेल तर चौपट वाढ, म्हणजे प्रतिसाद चांगला. आधीच १:४० असेल तर लसीने भर घातलीच नाही. म्हणून लसीआधीचा आणि २१ ते २८ दिवसांनंतरचा नमुना एकदमच तपासायचा. एका पायरीचा, म्हणजे दुपटीचा, फरक चाचणीतच पडतो. सीरम आरडीई हे विकर (एन्झाइम) घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं नाही, तर त्यातले प्रतिपिंडांखेरीजचे इतर घटकच तांबड्या पेशींची जाळी होऊ देत नाहीत आणि आकडा खोटाच फुगतो. चाचणीची खळग्यांची प्लेट तिरकी धरल्यावर तळाची पेशींची टिकली ओघळली, म्हणजे जाळी झाली नाही, तरच तो खळगा मोजायचा.