"मी फक्त रील टाकली हो"

"मॅडम, मी फक्त रील टाकली हो. पैसे त्या कंपनीने घेतले." खुर्चीवर टेकायच्या आधीच तिने सांगून टाकलं. वय 31, शिवणकाम करते, ब्लाउजच्या डिझाइनच्या रील्स टाकते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पर्समध्ये पोलिसांची नोटीस, आठवडाभर झोप नाही.

सहा हजार रुपये घेऊन तिने एका क्रिप्टो ॲपची रील केली होती. 'रोज दीड टक्का परतावा', खाली तिचा रेफरल कोड. मग एके दिवशी ॲप उघडेनाच.

तिला आधी नोटीस मोठ्याने वाचायला लावली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहायला सांगितलं होतं. हे अटक वॉरंट नव्हे. बोलावलं की जायचं, सहकार्य करायचं. तसं केलं तर कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक होत नाही. ती पहिल्यांदा पाणी प्यायली.

"पण सरकार क्रिप्टोवर 30 टक्के कर घेतं ना? मग बेकायदा कसं?" हे मला बरेच जण विचारतात. कर 2022 पासून आहे, खरंच. पण कर लागला म्हणजे कुणाच्याही धंद्याला परवाना मिळाला असं होत नाही. मार्च 2023 पासून अशा सेवा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आणि त्यांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. त्या ॲपची नव्हती. आणि असती तरी रोज दीड टक्का? सोन्याच्या कोंबडीलाही जमायचं नाही.

मग तिने मापांची वही काढली. मागच्या पानांवर अकरा नावं, प्रत्येकापुढे 500 रुपये कमिशन. तिच्या कोडवरून आलेले लोक. तिसरं नाव सख्ख्या जावेचं.

माझ्या मते खरी अडचण रीलपेक्षा या पानांत होती. साखळी योजनांना बंदी घालणाऱ्या 1978 च्या कायद्यात जाहिरात छापणं हा वेगळा गुन्हा आहे, सभासद जोडणं वेगळा. जोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात ठेवीदारांना भुलवणारं खोटं विधान करणाऱ्याला एक ते पाच वर्षं, पण तिथे 'जाणूनबुजून' हा शब्द आहे. तिची बाजू त्या शब्दावर उभी होती. "मला माहीत नव्हतं" एवढं नुसतं म्हणून भागत नाही. आधी काय विचारलं, कळल्यावर काय केलं, हे दाखवावं लागतं. तिने एजंटला व्हॉट्सॲपवर "रजिस्ट्रेशन आहे ना?" विचारलं होतं. उत्तरात अंगठा आला होता. तो अंगठाही जपून ठेव म्हटलं.

"रील उडवून टाकू?" नको. पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. स्क्रीनशॉट घे, रील लोकांना दिसणार नाही अशी कर, सहा हजार जमा झाल्याची बँकेची नोंद काढ आणि वकिलाला बरोबर घेऊनच जबाब दे. वकील परवडत नव्हता. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळतो, तिथे पाठवलं.

जावेचं मात्र कुठल्या कलमात बसत नाही. त्यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. "तिला वाटतं मी कमिशनसाठी तिला खड्ड्यात ढकललं." आणि 500 तर हिने घेतलेच होते. ते परत करायचे, माफी मागायची, सफाई द्यायची नाही, एवढं ठरलं.

जबाबानंतर तिचा फोन आला. वही पोलिसांनी ठेवून घेतली. पुढच्या पानांवर दिवाळीच्या अठरा ब्लाउजांची मापं होती. सगळ्या बायका पुन्हा माप देऊन गेल्या. जाऊ अजून आलेली नाही.