तास चुकले? आधी मूळ पंच बघा

हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाचे कामाचे तास चुकले की लगेच हाताने दुरुस्त करू नका, आधी मूळ पंच, म्हणजे मशीनवरच्या इन-आउटच्या नोंदी, उघडा. पंच बरोबर आणि बेरीज चूक, तर घोळ नियमांत, बहुतेकदा रात्रपाळीच्या. रात्री १० ला इन, सकाळी ६ ला आउट, आणि सेटिंगमध्ये दिवस रात्री १२ ला संपतो. मग एका तारखेला आउट नाही, दुसरीला इन नाही! दिवस बदलायची वेळ पाळीच्या बाहेर न्या.

पंचच गायब असेल तर मशीनचं सिंक तपासा, म्हणजे नोंदी सॉफ्टवेअरपर्यंत पोचतायत का ते. नेट नसताना बरीच मशीन नोंदी साठवून ठेवतात. सगळ्यांच्याच वेळा सारख्या फरकाने सरकल्या असतील तर मशीनचं घड्याळ किंवा टाइम झोन तपासा. मोबाइलवर पाळी दिसत नाही? वेळापत्रक पब्लिश झालंय का, एवढंच बघा.

आणि सेटिंग बदलल्यावर त्या तारखांची हजेरी पुन्हा प्रोसेस करा, नाहीतर जुनेच आकडे पगारात जातील.