अंगठा पोचत नाही म्हणून घोडा वाकवायचा का?

प्रश्न : काका, आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. माझी उंची पाच फूट, पंजा लहान. दोन वर्षांपासून काउबॉय नेमबाजीत, म्हणजे जुन्या धाटणीच्या बंदुकांच्या सामन्यांत, एका हाताने खेळते. माझ्याकडे रुगर कंपनीच्या न्यू व्हकेरो रिव्हॉल्व्हरची जोडी आहे, .३५७ गोळीची. घोडा (अंगठ्याने मागे ओढायचा हॅमर) चढवताना अंगठा पुरत नाही, दर गोळीला मूठ सरकते आणि नेम पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो. नवरा म्हणतो, गॅसच्या टॉर्चने तापवून घोड्याची शेपटी, म्हणजे अंगठा टेकतो ते टोक, खाली वाकवू. क्लबातले एक जण म्हणाले, घोड्याला भोकं पाडून तो हलका कर. काय करू? तुमच्याकडे पाठवू का?

उत्तर : ताई, आधी नवऱ्याच्या हातातला टॉर्च काढून घ्या.

हे अनुभवाने सांगतोय. भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी अकरा वर्षं काढली. पोलादाला पाणी कसं द्यायचं, म्हणजे ते कठीण कसं करायचं, आणि ते पाणी कशाने उतरतं, हे मला शिकवायची गरज नव्हती. तरी ॲरिझोनात आल्यावर पहिलं रिव्हॉल्व्हर घेतलं, कोल्टची इटालियन नक्कल, आणि नेमका हाच उद्योग केला. शेपटी लाल केली, पक्कडीने दाबली. इतकी सुरेख वाकली की मी बायकोला दाखवायला घेऊन गेलो. फक्त निळा रंग शेपटीपाशी न थांबता खाली, चढवलेला घोडा ज्यात अडकतो त्या खाचेपर्यंत उतरला होता, तिकडे काणाडोळा केला. पोलाद निळं पडलं म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास जाऊन आलं. खाचेचं पाणी उतरलं होतं. दोन महिन्यांनी फिनिक्सच्या बेन एव्हरी रेंजवर घोडा पूर्ण चढवला आणि चापाला बोट लागायच्या आतच तो पडला. नळी समोर होती, गोळी मातीच्या बांधात गेली. सामन्यातून मला बाहेर काढलं, आणि योग्यच केलं.

आपल्याकडे घोडा म्हणजे काय याचा गोंधळ आहे. बातम्यांत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. मी म्हणतोय ते मागे वर आलेलं, अंगठ्याने ओढायचं अंग, म्हणजे हॅमर. आपल्याला दिसते ती त्याची शेपटी, पण खरं काम चौकटीच्या आत त्याचा पाय करतो. १८७३ च्या कोल्टमध्ये त्या पायाला तीन खाचा असतात. पहिली सुरक्षेची, दुसरी गोळ्या भरताना गोळ्यांचं चक्र मोकळं फिरावं म्हणून, तिसरी पूर्ण चढवल्याची. शिवाय बाजूला एक छोटा उंचवटा असतो, तो चक्राला जागी धरणारी कडी सोडवतो. घोडा चढवताना चार टिकटिक ऐकू येतात त्या यातूनच. म्हणून माझा नियम असा : शेपटीला काय हवं ते करा, पायाला कानस लावू नका. तिथला कठीण थर पातळ असतो, तो घासला की खाली मऊ लोखंड लागतं.

तुमच्या रुगरमध्ये आणखी एक नाजूक जागा आहे. १९७३ पासूनच्या रुगरमध्ये घोडा थेट फायरिंग पिनवर, म्हणजे गोळीवर टोला मारणाऱ्या सुईवर, आपटत नाही. चाप दाबून धरलेला असताना मध्ये एक पट्टी उभी राहते, ट्रान्सफर बार. घोडा तिला मारतो आणि ती पिनला. घोड्याच्या तोंडावरची पायरी या पट्टीच्या जाडीच्या हिशेबाने घडवलेली असते. ‘जरा साफ करतो’ म्हणून कुणी ते तोंड घासलं, तर कधी पट्टी चिमटते, कधी टोला अपुरा पडतो. पॉलिश पेपरसुद्धा तिथे नको.

मग वाकवायचं नाही तर काय? घोडाच बदलायचा. १९५९ मध्ये रुगरने .४४ मॅग्नम गोळीसाठी सुपर ब्लॅकहॉक काढलं, त्याच्या घोड्याची शेपटी खाली उतरलेली आणि रुंद असते. तो घोडा व्हकेरोत बसवणारे या खेळात पुष्कळ आहेत. बुटक्या शेपटीची कल्पना तर त्याहून जुनी. कोल्टने १८९४ मध्ये बिस्ली मॉडेल काढलं, इंग्लंडातल्या बिस्लीच्या निशाणेबाजीच्या मैदानाचं नाव देऊन, त्यातही शेपटी खालीच होती.

पण पैसे खर्च करण्याआधी एक करा. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, चक्राची सहाही घरं बोट घालून तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग शेपटीवर घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा बसवा आणि मूठ न हलवता अंगठा जिथे आपसूक टेकतो तिथे दाबा. किती खाली हवं ते ठशातच कळेल. (नंतर पुसून तेल लावा. आमच्या घरी पोळ्यांच्या कणकेचा हा उपयोग खपवून घेतला जात नाही, तुमच्याकडचं तुम्ही बघा.) अर्धा इंच खाली लागत असेल तर घोडा बदला. अगदी थोडक्यात हुकत असेल तर मात्र दोष मुठीच्या लाकडाचा असू शकतो. पातळ मूठ लावून बघा, स्वस्तात काम होईल.

नवा घोडा जाणकार गनस्मिथकडूनच बसवून घ्या. जुन्या घोड्यातली छोटी खुंटी आणि तिची स्प्रिंग नव्यात आहे ना, हे विचारा, चक्राची कडी तिच्यावर चालते. आणि पूर्ण चढवताना रुंद शेपटी मुठीच्या मागच्या पट्टीवर टेकत नाही ना, हे स्वतः बघा. चाप खाचेत बसायच्या आत शेपटी टेकली तर ती खालून घासावी लागते. शेपटीवरची खरखरीत जाळी फार धारदार ठेवू नका. सहा स्टेजचा, म्हणजे सहा फेऱ्यांचा, दिवस म्हणजे साठ वेळा घोडा चढवणं, संध्याकाळी अंगठ्याचं साल निघतं.

भोकं पाडण्याचं विसरा. हलका घोडा चपळ पडतो हे खरं, पण क्लबात बहुतेकांनी स्प्रिंगही मऊ केलेली असते. हलका घोडा आणि मऊ स्प्रिंग एकत्र आले की टोला मरतो, आणि ऐन स्टेजमध्ये नुसतं ‘टक्’ होतं. शिवाय बाहेरून दिसणाऱ्या बदलांवर खेळाच्या नियमपुस्तकात बंधनं आहेत. काहीही करण्याआधी तुमच्या मॅच डायरेक्टरला दाखवून घ्या.

माझ्याकडे पाठवू नका. स्वतःच्या बंदुकीवर मी काम करतो, पण धंदा म्हणून दुसऱ्याच्या बंदुका दुरुस्त करायला फेडरल परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही. आणि हे वाचून कुणा एच-वन-बीवाल्या भाच्याला उत्साह आला असेल तर थांब बाबा. तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला इथे कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाला विचार.

प्रश्न : जुनं, १९६० च्या दशकातलं रुगर सिंगल-सिक्स हाती आलंय. त्यात नव्या रुगरचा घोडा बसेल का?

उत्तर : नाही. १९७३ च्या आधीची रचनाच वेगळी आहे, त्यात ट्रान्सफर बार नाही. घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच गोळ्या भरा. कंपनी अशा जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रान्सफर बार फुकट बसवून देते आणि काढलेले भाग परत पाठवते. ते जपून ठेवा.

प्रश्न : साताऱ्याला आजोबांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, त्याची शेपटी तुटलीय. गावातला वेल्डर जोडून देतो म्हणतो.

उत्तर : देऊ नका. भारतात बंदुकीच्या दुरुस्तीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारक बंदूकवाल्याकडेच न्या, परवान्याचं पुस्तक सोबत घेऊन. वेल्डरकडे गेलात तर तोही अडकेल आणि आजोबाही.