गॅसवर ‘बंदी’ आली म्हणून दोन्ही एसी बदलावेत का?

प्रश्न : आमच्याकडे दोन स्प्लिट एसी आहेत. बैठकीच्या खोलीतला १४ वर्षांचा असून त्यात आर-२२ गॅस आहे. गेली दोन वर्षे उन्हाळा सुरू होताना त्यात गॅस भरून घ्यावा लागतो आहे. झोपण्याच्या खोलीतला एसी ६ वर्षांचा, आर-४१०ए गॅसचा असून तो विनातक्रार चालतो. ‘या दोन्ही गॅसवर बंदी आली आहे, पुढे गॅस मिळणार नाही’, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. महिनाअखेरीपर्यंत दोन्ही एकदम बदलले आणि पैसे रोख दिले तर ५ टक्के सूट, नाहीतर २ टक्के प्रक्रिया शुल्क भरून १२ बिनव्याजी हप्ते, असा त्याचा प्रस्ताव आहे. जुन्या एसीची कॉइल बदलून गॅस भरायचा तर नव्या एसीच्या किमतीच्या ४० टक्के खर्च येईल. आमचा आपत्कालीन निधी ५ महिन्यांच्या घरखर्चाइतका आहे. दोन्ही एसी रोखीने घेतले तर तो ३ महिन्यांवर येईल. काय करावे?

उत्तर : जुना एसी बदलावा, सहा वर्षांच्या एसीला हात लावू नये आणि हप्त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. मात्र जुना एसी बदलण्याचे कारण विक्रेत्याने सांगितले ते नाही, आणि हा फरक नीट समजून घेतला तर दुसऱ्या एसीवरचा खर्च आपोआप टळतो.

‘बंदी’ हा शब्द विक्रीच्या कामी फार उपयोगी पडतो, कारण तो ऐकल्यावर आपल्या घरातले यंत्रच बेकायदा ठरले आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात आजवरचे जवळजवळ सगळे नियम गॅसचे उत्पादन, त्याची आयात आणि त्या गॅसवर चालणाऱ्या नव्या यंत्रांची विक्री यांना लागू होतात. घरात आधीच बसवलेला एसी वापरणे किंवा दुरुस्त करून घेणे त्यांनी थांबवलेले नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून आर-२२ चे नवे उत्पादन आणि आयात बंद झाली, तरी आधीचा साठा आणि जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला गॅस वापरून तिथले जुने एसी त्यानंतरही चालू राहिले. विकसनशील देशांसाठी, ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आर-२२ च्या वर्गातील वायूंची कपात टप्प्याटप्प्याने होत आहे. २०२५ पर्यंत ती ६७.५ टक्क्यांवर जायची होती आणि २०३० नंतर दुरुस्तीपुरती अगदी थोडी मात्रा उरेल.

आर-४१०ए ची गोष्ट वेगळी आहे. तो ओझोनच्या थराला धक्का लावत नाही, म्हणूनच तो आर-२२ ची जागा घ्यायला आला होता. पण एक किलो आर-४१०ए हवेत गेला तर तापमानवाढीवर त्याचा परिणाम सुमारे २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. त्यामुळे २०१६ मध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे त्याच मॉन्ट्रियल कराराला जोड देऊन अशा वायूंच्या कपातीचे वेळापत्रक ठरले. विकसित देशांची कपात २०१९ मध्ये सुरू झाली असून २०३६ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. विकसनशील देशांपैकी बहुतेकांनी २०२४ मध्ये वापर गोठवायचा होता, तर भारत, पाकिस्तान, आखाती देश अशा उष्ण प्रदेशांतल्या काहींना २०२८ पर्यंत मुभा असून त्यांची ८५ टक्के कपात थेट २०४७ मध्ये पूर्ण व्हायची आहे. आपला एसी ज्या देशात बसवलेला आहे तिथले वेळापत्रक आपल्याला लागू होते. कोणत्याही गटाचे वेळापत्रक घेतले, तरी सहा वर्षांच्या एसीचे उरलेले आयुष्य संपण्याआधी आर-४१०ए पूर्णपणे नाहीसा होईल असे त्यातून निघत नाही.

मग गॅस महाग होणार नाही का? होईल, आणि कधी कधी एकदम होईल. युरोपीय संघात अशा वायूंचा कोटा २०१८ मध्ये मूळ पातळीच्या ९३ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आला, तेव्हा त्याच्या आगेमागे भाव अनेक पटींनी चढले आणि नंतर काही प्रमाणात उतरलेही. पण घरमालकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो, आणि गळती नसेल तर यंत्राच्या संपूर्ण आयुष्यात एकदाही भरावा लागत नाही. गॅसचा भाव ज्याच्या नळ्या गळतात त्यालाच बाधतो. आपल्या झोपण्याच्या खोलीतला एसी गळत नसेल तर किगालीत काय ठरले याचा आपल्या खिशाशी आज काहीही संबंध नाही.

समजा, उद्या त्यातही गळती निघाली. दुरुस्तीचे बिल १०० धरले आणि त्यात प्रत्यक्ष गॅसचा भाग २० असला, तर बाकीचे ८० हे गळती शोधणे, सांधा दुरुस्त करणे, नायट्रोजनचा दाब देऊन तपासणे, व्हॅक्युम पंप लावून नळ्या रिकाम्या करणे आणि मजुरी यांचे असतात. गॅस तिप्पट महागला तरी हे बिल १०० वरून १४० वर जाते, ३०० वर जात नाही. या संभाव्य ४० साठी आज संपूर्ण नवे यंत्र घेणे हिशेबात बसत नाही. एसीचे आयुष्य १२ वर्षे धरले तर आपल्या यंत्राची निम्मी किंमत अजून वसूल व्हायची आहे. दोन्ही एसींवर मिळणारी ५ टक्के सूट म्हणजे एका एसीच्या १० टक्के. ती मिळवण्यासाठी आपण जवळपास ५० टक्के सोडून देणार आहात.

जुन्या एसीचा हिशेब याच्या उलट आहे. ४० टक्के खर्चून तो आणखी तीन वर्षे चालला, तर वर्षाला नव्या एसीच्या किमतीच्या सुमारे १३ टक्के पडतात. नवा १२ वर्षे चालला तर वर्षाला ८ टक्क्यांच्या थोडे वर. शिवाय १४ वर्षांच्या यंत्राची कॉइल बदलली तरी कॉम्प्रेसर जुनाच राहतो, आणि पुढच्या गळतीला आर-२२ आजच्यापेक्षा दुर्मिळ झालेला असेल. विजेची बचत याशिवाय होईल. ती मोजायची तर ज्या महिन्यात एसी अजिबात चालला नाही त्या महिन्याचे बिल उन्हाळ्याच्या बिलातून वजा करावे. उरते ती रक्कम दोन्ही एसींची मिळून असते, त्यामुळे तापमान आणि वापराचे तास पाहून त्यातला बैठकीच्या खोलीचा वाटा ढोबळमानाने काढावा आणि त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त बचत गृहीत धरू नये. नव्या यंत्राच्या माहितीपत्रकात ती याहून मोठी दिसेल.

तरीही बदलण्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते एकदा पाहून घ्यावे, असे मी अनुभवाने सांगतो. माझ्या घरी लागोपाठ तीन उन्हाळे एका तंत्रज्ञाने गॅस भरून दिला आणि प्रत्येक वेळी पैसे नेले. चौथ्या वर्षी आलेल्या दुसऱ्याने आउटडोअर युनिटच्या मागे बोट फिरवले, फ्लेअर नटवरचा, म्हणजे तांब्याची नळी जोडणाऱ्या नटवरचा, तेलकट डाग मला दाखवला आणि त्यावर साबणाचे पाणी शिंपडले. नटाच्या कडेने बारीक बुडबुडे येऊ लागले. तांब्याच्या नळीचे तोंड नव्याने फुलवून नट आवळल्यावर त्या एसीत पुन्हा गॅस भरावा लागला नाही. आपल्या जुन्या एसीत कॉइलच गेली आहे असे तुम्हाला कोणी दाखवले आहे की नुसते सांगितले आहे, हे पत्रातून कळत नाही. गळती नटावर निघाली आणि दुरुस्ती १० टक्क्यांत भागली, तर हा एसी आणखी एक-दोन वर्षे वापरून, खरेदी आपल्या सोयीने बिगरहंगामात करावी. कोणी ‘आर-२२ ऐवजी दुसरा स्वस्त गॅस टाकून देतो’ म्हणाला, तर मात्र स्पष्ट नकार द्यावा. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो आणि त्याला तेलही वेगळे लागते. ज्वलनशील गॅस त्यासाठी न बनवलेल्या यंत्रात भरणे तर सरळसरळ धोक्याचे आहे.

आता पैशांची बाजू. ‘बिनव्याजी’ हप्त्यांत व्याज नसते, पण किंमत असते. १०० ची वस्तू रोखीने ९५ ला मिळत असताना आपण २ शुल्क देऊन १२ हप्त्यांत १०० फेडता, म्हणजे प्रत्यक्षात ९३ उसने घेऊन १०० परत करता. दरमहा फेड होत असल्याने याचा वार्षिक दर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास निघतो. आपला निधी मुदत ठेवीत वा बचत खात्यात असेल, तर तिथे एवढे व्याज मिळत नाही. म्हणून एकच एसी रोखीने घ्यावा, त्यावर रोखीची सूट वेगळी मागावी, निधी ४ महिन्यांवर येऊ द्यावा आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांत तो पुन्हा ५ वर आणावा. एरवी मी आपत्कालीन निधीला हात लावू देत नाही, आणि १४ वर्षांचा एसी थकणे ही आपत्तीही नव्हे. त्याची तरतूद आधीच व्हायला हवी होती. ती चूक दुसऱ्या एसीच्या बाबतीत टाळता येईल. नव्या एसीची किंमत ६० ने भागून तेवढी रक्कम या महिन्यापासून वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकत गेलात, तर तो एसी थकेल तेव्हा पैसे हाताशी असतील, मग गॅसचा नियम कोणताही असो.

खरेदी करताना आर-४१०ए चा शिल्लक माल मोठ्या सवलतीत दाखवला जाईल. तो घेऊ नये, कारण पुढची १२ वर्षे महागत जाणाऱ्या गॅसशी आपण स्वतःला नव्याने बांधून घ्याल. त्याऐवजी आलेल्या गॅसपैकी आर-३२ चा तापमानवाढीचा आकडा (आर-४१०ए चा वर दिलेला २०८८) ६७५ आहे, आर-४५४बी चा ४६६ आणि आर-२९० म्हणजे प्रोपेनचा अवघा ३. अमेरिकेने २०२५ पासून घरगुती एसीसाठी ७०० ची आणि युरोपीय संघाने लहान स्प्लिट एसीसाठी ७५० ची मर्यादा घातली आहे. हे तिन्ही गॅस त्या मर्यादेत बसतात. आर-३२ आणि आर-४५४बी सौम्य ज्वलनशील आहेत आणि प्रोपेन पूर्ण ज्वलनशील, त्यामुळे बसवणारा त्या गॅसचे प्रशिक्षण घेतलेला आहे का, हे विचारायला संकोच करू नये. कोटेशनमध्ये नव्या तांब्याच्या नळ्यांचा खर्च धरला आहे का तेही पाहावे. जुन्या नळ्यांत आर-२२ सोबतचे खनिज तेल राहिलेले असते आणि नळ्या बदलाव्या लागतील हे अनेकदा बसवायच्या दिवशीच सांगितले जाते.

जुना एसी उचलून नेताना त्यातला गॅस हवेत न सोडता बाटलीत काढून घ्यावा, अशी अट लेखी घालावी. आर-२२ चे नवे उत्पादन आटत असताना असा काढलेला गॅस शुद्ध करून पुन्हा विकता येतो, तेव्हा जुन्या एसीच्या बदल्यात मिळणारी रक्कम ठरवताना त्याचाही उल्लेख करायला हरकत नाही.